पॅकेटमागे ६७ नॅनोसेकंद

दहा गिगाबिटची लिंक अर्धीसुद्धा भरलेली नसताना आमचा लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारं यंत्र) पॅकेटं सांडायला लागला. पहिला संशय केबलवर गेला, दुसरा स्विचवर. दोन्ही निर्दोष निघाले. ग्राफवर गिगाबिट बघत बसलं की हे दुखणं दिसतच नाही. लिंक भरते ती बाइटांनी, सर्व्हर दमतो तो पॅकेटांनी.

आमची सेवा क्रिकेटच्या स्कोअरची. रॅक नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका डेटा सेंटरमध्ये, भाड्याने घेतलेल्या केजमध्ये. (ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा पट्टा एमआयडीसीचा. कारखान्यांच्या भोंग्यांच्या जागी आता चिलर आणि जनरेटर घरघरतात.) विकेट पडली की लोक एकदमच ॲप उघडतात. एकाला स्कोअर सांगायला फार बाइट लागत नाहीत, पण विचारणारे फार. त्यातून आमची मांडणी अशी, की ग्राहकाची विनंती लोड बॅलन्सरमधून आत जाते आणि उत्तर मात्र सर्व्हर परस्पर ग्राहकाला देतो. त्यामुळे लोड बॅलन्सरच्या वाट्याला येतात त्या विनंत्या, नव्या जोडणीची सिन पॅकेटं आणि टीसीपीच्या पोचपावत्या. सगळी चिल्लर.

या चिल्लरचा हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची. पुढचा ८ बाइटांचा प्रिअँबल आणि मागची १२ बाइटांची सक्तीची मोकळी जागा धरून ती तारेवर ८४ बाइट अडवते. १० गिगाबिटच्या लिंकवरून अशा फ्रेम सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार येऊ शकतात. म्हणजे एकीमागे ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर एवढ्या वेळात जेमतेम २०० सायकल होतात. आणि मुख्य मेमरीत एकदा जाऊन यायलाच ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात! कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीत, नसलेली एक गोष्ट मागितली, की त्या पॅकेटचं बजेट संपलं आणि पुढच्याच्या बजेटलाही हात लागला.

लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एका पॅकेटसाठी अशा कितीतरी गोष्टी मागतं. इंटरप्ट (पॅकेट आल्याची कार्डाची हाक) येतो, पॅकेटची माहिती ठेवायला दोनशेहून जास्त बाइटांची एक रचना भरली जाते, मग फायरवॉलचे नियम, कनेक्शन ट्रॅकिंग, राउटिंग. आम्ही वापरत होतो तो आयपीव्हीएस, १९९८ पासून चालत आलेला, लिनक्समधलाच लोड बॅलन्सर. त्याला नावं ठेवायला जागा नाही, वर्षानुवर्षं त्यानं आमचा गाडा ओढला. पण सामन्याच्या संध्याकाळी प्रोक फाइलसिस्टममधली सॉफ्टनेट-स्टॅट ही फाइल उघडली, की तिसऱ्या रकान्यातले हेक्स आकडे नुसते धावत असायचे. त्या रकान्याचा अर्थ असा, की कर्नलनं एका बैठकीचा कोटा (काही बदललं नसेल तर ३०० पॅकेटं) किंवा ठरलेला वेळ संपवला, तरी रांग शिल्लकच राहिली. नेटवर्क कार्डाच्या रिंग बफरमध्ये जागा उरली नाही, की पुढची पॅकेटं कार्डावरच मरतात. कर्नलला त्यांचा पत्ताही लागत नाही.

कोअर वाढवून, रांगा वाढवून एक मोसम निभावला. मग मॅनेजर म्हणाले, "हार्डवेअरचा डबाच घेऊन टाकू." कोटेशन आलं. ते वाचून तेच म्हणाले, "सॉफ्टवेअरनं काय जमतंय ते बघा जरा."

वाचायला भरपूर होतं. पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझो यांनी २०१२ मध्ये नेटमॅप ही पॅकेटं झटपट हाताळायची चौकट मांडली, त्यात ९०० मेगाहर्ट्झवर चालवलेला एकच कोअर १० गिगाबिटची लिंक सर्वांत लहान फ्रेमनी काठोकाठ भरून दाखवतो. या विषयात शिरणाऱ्यानं त्या निबंधापासून सुरुवात करावी असं मी सगळ्यांना सांगतो, कारण त्यात वेळ नेमका कुठे जातो हे एकेक पायरी मोजून दाखवलंय. इंटेलमध्ये २०१० च्या सुमारास डीपीडीके हा पॅकेटं हाताळायच्या लायब्रऱ्यांचा संच सुरू झाला. तिथले वेंकी वेंकटेशन त्याचे जनक मानले जातात. २०१३ मध्ये सिक्सविंड या फ्रेंच कंपनीनं त्याभोवती मुक्त समुदाय उभा केला आणि २०१७ मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला. गूगलचा मॅगलेव्ह तर २००८ पासून साध्या सर्व्हरवर लोड बॅलन्सिंग करतोय. त्याची साद्यंत हकिकत त्यांनी २०१६ मध्ये छापली. ती वाचल्यावर डबा घ्यायचा विषय आमच्यापुरता मिटला. आम्ही डीपीडीके धरलं.

डीपीडीकेची कल्पना सोपी आहे. नेटवर्क कार्ड कर्नलकडून काढून घ्यायचं आणि थेट आपल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात द्यायचं. इंटरप्टची वाट बघायची नाही. एक कोअर "आलं का, आलं का" विचारत अखंड फिरत ठेवायचा. आलेली पॅकेटं एकेक न उचलता ३२ च्या गठ्ठ्यानं उचलायची. गठ्ठा हातात असला की पहिल्या पॅकेटचं हेडर तपासत असतानाच पुढच्यांची हेडरं कॅशमध्ये मागवून ठेवता येतात. तव्यावर एक भाकरी असताना दुसरी थापायला घ्यावी, तसं. मेमरीचे ते ८०-१०० नॅनोसेकंद जात नाहीत, पण ते रिकामे बसून काढावे लागत नाहीत.

तयारीनं मात्र जीव खाल्ला. आधी बायॉसमध्ये आयओएमएमयू (उपकरणांना कुठली मेमरी वापरू द्यायची ते ठरवणारा भाग) चालू करा, मग कर्नलच्या बूट ओळीत ह्यूजपेज राखून ठेवा. मेमरीचं साधं पान ४ किलोबाइटांचं असतं, ती हजारो लागली की पत्ते शोधण्यातच वेळ जातो, म्हणून १ गिगाबाइटची पानं. मग काही कोअर कर्नलच्या शेड्युलरपासून तोडून वेगळे काढा, त्यांच्यावरची टायमरची टिकटिक बंद करा, बाकीच्या उपकरणांचे इंटरप्ट तिकडे फिरकणार नाहीत हे बघा, प्रोसेसरला झोपेच्या खोल अवस्थांमध्ये जाऊ देऊ नका. शेवटी कार्ड थेट प्रोग्रॅमच्या हाती देणाऱ्या व्हीएफआयओ ड्रायव्हरला बांधा. हे बांधलं की आयपी लिंक कमांडच्या यादीतून तो पोर्ट गायब होतो.

तो पोर्ट गायब होणं म्हणजे नेमकं काय, हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. सकाळी स्विच सांभाळणाऱ्या दादांचा फोन. "अहो, तुमच्या पोर्टवर शेजारी कोण आहे तेच दिसत नाही. लिंक तर अप आहे." शेजाऱ्याला आपली ओळख सांगणारी एलएलडीपीची पॅकेटं कर्नलच्या बाजूचा एक डीमन (पडद्याआड सतत चालणारा प्रोग्रॅम) पाठवत असे, आणि आता त्याला पोर्टच उरला नव्हता. मग यादी वाढत गेली. एआरपीला, म्हणजे "हा आयपी पत्ता कोणत्या कार्डाचा" या हाकेला, उत्तर कोण देणार? आपणच. पिंगला? आपणच. बीजीपी, म्हणजे आपले पत्ते स्विचला जाहीर करणारा प्रोटोकॉल? त्यासाठी एक टॅप इंटरफेस (कर्नलला दिसणारं आभासी कार्ड) काढून, आपल्या कामाची नसलेली पॅकेटं उचलून कर्नलला परत द्यायची सोय केली. आपल्याला आयुष्यभर फुकट मिळालेल्या गोष्टी एकेक करून लिहायला बसलो. लोड बॅलन्सिंगचा मूळ कोड त्या मानानं किरकोळ निघाला.

लॅबमध्ये मोजायला टीरेक्स वापरला. सिस्कोनं मुक्त केलेला हा ट्रॅफिक जनरेटर स्वतःच डीपीडीकेवर चालतो, साध्या सर्व्हरवरून हवा तेवढा मारा करता येतो. पुढच्या वर्षांचा विचार करून कार्ड १०० गिगाबिटचं घेतलं होतं. मोठ्या फ्रेमनी चाचणी लावली, तर आकडा ६० च्याही खाली येऊन थांबला. आणि थांबला म्हणजे अगदी आखीव रेघेवर. कोअर वाढवा, रांगा वाढवा, रेघ तीच. सॉफ्टवेअर कमी पडतं तेव्हा आलेख थरथरतो. असा सपाट पडला की कुठेतरी भिंत आहे.

भिंत सर्व्हरच्या पोटात होती. एलएसपीसीआय या, सर्व्हरमधल्या कार्डांची माहिती देणाऱ्या कमांडच्या तपशिलात कार्डाची क्षमता १६ लेनची आणि प्रत्यक्ष जोडणी ८ लेनची दिसत होती. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या ८ लेनमधून साधारण ६३ गिगाबिट जातात, वरचा खर्च वजा जाता त्याहून कमी. डेटा सेंटरच्या रिमोट हँड्सकडून करून घेता आलं असतं, पण म्हटलं स्वतःच जाऊन बघावं. रबाळे स्टेशनला उतरलो, गेटवर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून दिला, बोटाचा ठसा, दोन दरवाजे, आणि आत पंख्यांचा तो एकसुरी आवाज. सर्व्हर रुळावरून बाहेर ओढून झाकण काढलं. स्लॉट लांबीला पूर्ण १६ लेनचा होता, पण त्याच्या शेजारी बोर्डावर बारीक अक्षरांत ८ छापलेलं. प्लास्टिक १६ चं, तारा ८ च्या. शेजारच्या रायझरमध्ये खरा १६ चा स्लॉट रिकामा होता. कार्ड तिकडे हलवलं.

रेघ वर गेली, पण लहान फ्रेमचा आकडा उलट खाली आला. हा नवा स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेला होता. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची आपापली मेमरी आणि आपापले स्लॉट असतात. आमचे राखीव कोअर आणि ह्यूजपेज पहिल्याकडे, कार्ड दुसऱ्याकडे. प्रत्येक पॅकेट मधला पूल ओलांडून यायचं आणि तोच ओलांडून परत जायचं. बूट ओळ बदलून सगळं बिऱ्हाड दुसऱ्या सॉकेटवर नेलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तरी एक कोडं उरलंच. एक कोअर छान चालायचा. चार केले की काम चौपट व्हावं, ते दुपटीच्या आसपास घुटमळायचं. चारही कोअरना वेगळ्या रांगा, वेगळे बफर, कुठे लॉक नाही. आमच्या टीममधल्या सर्वांत धाकट्या मुलीनं पर्फ या लिनक्सच्या मोजणीसाधनाचं सी-टू-सी नावाचं हत्यार लावलं आणि थेट एका ओळीवर बोट ठेवलं: पॅकेटं मोजणारे काउंटर. प्रत्येक कोअरचा काउंटर वेगळा होता खरा, पण प्रत्येकी ८ बाइटांचे ते काउंटर एका ॲरेत लागून बसलेले. कॅशची ओळ ६४ बाइटांची, म्हणजे चारही काउंटर एकाच ओळीत. एका कोअरनं आपला आकडा वाढवला की बाकी तिघांकडची ती ओळ बाद. सेकंदाला लाखो वेळा ती ओळ चार कोअरमध्ये हिसकली जात होती, आणि कोडमध्ये बघाल तर प्रत्येक जण गुपचूप आपापलं काम करतोय. तिनं प्रत्येक काउंटरला स्वतःची ६४ बाइटांची जागा दिली. बदल एका ओळीचा. या क्षेत्रात कोडच्या ओळी मोजून कोणाच्या कामाची किंमत करू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येक अप्रेझलमध्ये लिहितो.

प्रत्यक्ष सेवेत आणताना लोड बॅलन्सर एकटा कधीच नसतो. आमचे चार लोड बॅलन्सर एकच पत्ता बीजीपीनं जाहीर करतात आणि स्विच येणारा ओघ त्यांच्यात वाटून देतो. त्यातला एक गेला की स्विच वाटप बदलतो, आणि काल एकाकडे जाणारी जोडणी आज दुसऱ्याकडे येते. त्या दुसऱ्याला या जोडणीचा इतिहास ठाऊक नसतो. तरी तिला त्यानं आधीच्याच स्कोअर सर्व्हरकडे पाठवायला हवं. इथे मॅगलेव्हचं हॅशिंग (जोडणीच्या पत्त्यांवरून दरवेळी तोच आकडा काढायचा आणि त्यावरून तक्त्यातला सर्व्हर निवडायचा) कामी आलं. प्रत्येक लोड बॅलन्सर सर्व्हरांच्या यादीवरून एक मोठा तक्ता बनवतो, त्याची लांबी अविभाज्य संख्येची, नेहमीची निवड ६५,५३७. यादी सारखी असली की सगळ्यांचे तक्ते सारखे निघतात, एकमेकांशी बोलावं लागत नाही. आणि एखादा सर्व्हर यादीतून गेला तरी तक्त्याचा बाकीचा भाग बहुतेक जागच्या जागी राहतो. ही युक्ती मला अजूनही सुंदर वाटते.

पुढची अडचण सर्व्हरांच्या बाजूला उगवली. निवडलेल्या सर्व्हरकडे पॅकेट पाठवताना आम्ही त्यावर आणखी एक आयपी हेडर चढवतो, लोड बॅलन्सरकडून सर्व्हरकडे असं. सगळं सुरळीत, पण सर्व्हरांवर एकच कोअर तापलेला आणि बाकीचे थंड. कारण उघड होतं, फक्त ते शोधायला चुकीच्या टोकाला बघत होतो सगळे. सर्व्हरचं कार्ड आलेली पॅकेटं रांगांमध्ये वाटतं ते हेडरमधल्या पत्त्यांच्या हॅशवरून, आणि ते बघत होतं बाहेरचं हेडर. बाहेरच्या हेडरवर पाठवणारा तोच, घेणारा तोच, म्हणजे हॅश तोच, रांग तीच, कोअर तोच. लाखो ग्राहक आणि कार्डाच्या दृष्टीनं एकच गिऱ्हाईक. उपाय फेसबुकच्या कट्रान या लोड बॅलन्सरमध्ये सापडला: बाहेरच्या हेडरवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खरा टाकायचाच नाही. आतल्या जोडणीच्या हॅशवरून एका खाजगी पट्ट्यातला पत्ता बनवायचा आणि तो लिहायचा. उत्तर त्या पत्त्यावर कधी जाणारच नसतं, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही. सगळे कोअर सारखे तापले.

त्याच जादा हेडरनं दुसरी खोड काढली. लॉगिन होतंय, स्कोअर येतोय, पण प्रोफाइलचा फोटो चढत नाही अशा तक्रारी यायला लागल्या. ग्राहकाकडून येणारी पॅकेटं एरवी लहान, फक्त फोटो चढवताना ती पूर्ण १५०० बाइटांची होतात. त्यावर आमचे २० बाइट चढले की १५२०, आणि वाटेतला पोर्ट १५०० च्या वरचं निमूटपणे टाकून देतो. दादांनी आतल्या सगळ्या स्विचवर मर्यादा ९००० केली. "एवढंच होतं होय?" म्हणाले. एवढंच होतं.

रात्री अडीचला आलेला फोन मात्र एवढ्यावर मिटला नाही. ऑन-कॉलवरचे ऑप्सचे गृहस्थ, आमच्याहून अनुभवानं मोठे. "सर, चार कोअर १०० टक्क्यांवर अडकलेत. ट्रॅफिक बघतो तर जवळजवळ शून्य. मारू का रीबूट?"

"नको नको. तो तसाच चालतो. पॅकेट नसलं तरी विचारतच राहतो."

"बरं. मग खरंच अडकेल तेव्हा मला कळणार कसं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते गुळमुळीत बोलून भागणारंही नव्हतं. टॉप कमांडमध्ये १०० टक्के म्हणजे निवांतही आणि १०० टक्के म्हणजे बुडालेलाही. त्यांना सवयीची सगळी हत्यारं या पोर्टवर मुकी होती. पॅकेटं पकडून दाखवणारं टीसीपीडंप लावावं तर त्याला पोर्ट दिसत नाही. डीपीडीकेचं स्वतःचं पकडयंत्र आहे, पण त्यासाठी मुख्य प्रोग्रॅममध्ये आधीपासून तरतूद लागते आणि ते चालवण्याची पद्धत वेगळी. शिवाय एक खरोखर वाईट शक्यता होती: पॅकेट हलवणारा प्रोग्रॅम गोठला आणि बीजीपीचा डीमन शेजारी जिवंतच राहिला, तर तो "माझ्याकडे पाठवा" असं जाहीर करत राहणार आणि सगळं अंधाऱ्या विहिरीत जाणार.

मग काही आठवडे वेगाचं नाव काढलं नाही. शंभरातले किती फेरे रिकाम्या हातांनी परत येतात हा आकडा बाहेर काढला. सीपीयूच्या टक्क्यांऐवजी ऑप्सच्या पडद्यावर तो लावला. कार्डानं स्वतः टाकलेली पॅकेटं आणि बफर न मिळाल्यानं गेलेली पॅकेटं वेगळी दाखवली, कारण पहिल्यात कोअर कमी पडलेला असतो आणि दुसऱ्यात मेमरीचा साठा. पॅकेट हलवणारा प्रत्येक कोअर ठराविक वेळानं हजेरी लावतो, आणि एकाचीही हजेरी चुकली तर बीजीपीची जाहिरात आपोआप मागे घेतली जाते. याच आठवड्यांत मला आमचं गणित नीट दिसलं. कर्नल बाजूला सारून मिळवलेला वेग आम्ही दुसऱ्या खिशातून फेडत होतो: स्वतः लिहिलेल्या, स्वतः सांभाळायच्या आणि रात्री अडीचला दुसऱ्या कोणाला तरी समजावून सांगायच्या कोडमधून.

त्यामुळे पुढच्या मोसमाआधी एक्सडीपीचा विषय निघाला, तेव्हा तो सर्वांत जोरानं उचलून धरला तो ऑप्सनं. एक्सडीपी २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.८ आवृत्तीत आलं. इथे कार्ड कर्नलकडेच राहतं. आपण एक छोटा ईबीपीएफ प्रोग्रॅम (कर्नलच्या आत, तपासणीनंतरच चालू दिला जाणारा) ड्रायव्हरच्या तोंडाशी बसवतो. पॅकेटसाठी ती जड रचना भरली जाण्याच्या आधीच तो ठरवतो: टाकून दे, आलं त्याच पोर्टवरून परत पाठव, किंवा कर्नलला दे. फेसबुकनं २०१८ मध्ये खुलं केलेलं कट्रान यावरच उभं आहे. त्याच वर्षीच्या एक्सडीपीच्या निबंधात एका कोअरवर सेकंदाला २ कोटी ४० लाख पॅकेटं टाकून देण्याचा आकडा आहे. डीपीडीके त्यातही पुढेच आहे, आणि आमच्या लॅबमध्येही पुढेच होतं. पण आम्हाला लागत होतं त्याच्या बरंच वर दोघंही होते, मग त्या फरकाचं करायचं काय?

एआरपी, पिंग, एलएलडीपी, बीजीपी सगळं "कर्नलला दे" या एका शब्दावर सुटलं. आम्ही लिहिलेला तो सगळा कोड पुसताना मला जराही वाईट वाटलं नाही. रात्री ट्रॅफिक ओसरला की कोअर झोपतात. आमचं रॅकचं भाडं किलोवॉटवर ठरतं, त्यामुळे अखंड फिरणारे कोअर गेल्याचा आनंद हिशेब विभागालाही झाला. (डीपीडीकेतही वीज वाचवायच्या सोयी आहेत, पण त्या नीट बसवणं म्हणजे आणखी एक प्रकल्प.)

सुखासुखी मात्र काही झालं नाही. ईबीपीएफचा प्रोग्रॅम कर्नलमध्ये चढण्याआधी व्हेरिफायर त्याची उलटतपासणी घेतो. पॅकेटमधला प्रत्येक बाइट वाचण्याआधी तो पॅकेटच्या शेवटच्या आत आहे हे कोडमध्येच सिद्ध करावं लागतं. आपल्याला दिसतंय, वर तपासलंय. त्याला दिसत नाही, कारण कंपायलरनं मधल्या मध्ये रजिस्टर बदललेलं असतं. नकार देताना तो शेकडो ओळींची रजिस्टरांची अवस्था तोंडावर फेकतो आणि खरी तक्रार अगदी शेवटी असते. आमच्यातले दोघं जण तो मजकूर आता पंचांग वाचावं इतक्या सहज वाचतात.

दुसरी गाठ त्या ९००० च्या मर्यादेशी पडली. आमच्या आवृत्तीत एक्सडीपीला अख्खं पॅकेट मेमरीच्या एकाच पानात बसलेलं लागत होतं, आणि ९००० बाइट ४ किलोबाइटांच्या पानात बसत नाहीत. (अनेक तुकड्यांतल्या पॅकेटांची सोय ५.१८ मध्ये आली.) पण इंटरनेटवरून येणारं काहीच १५०० च्या वर नसतं, त्यामुळे लोड बॅलन्सरच्या पोर्टवर १६०० ठेवून काम भागलं. आणि टीसीपीडंपबद्दल ऑप्सला आधीच सांगून ठेवलं, की एक्सडीपीनं परस्पर टाकलेलं किंवा परत धाडलेलं पॅकेट त्यांना इथेही दिसणार नाही. त्यासाठी एक्सडीपीडंप वापरा. ते शिकले, कारण बाकी सगळं ओळखीचं होतं. डीपीडीके आता फक्त लॅबमध्ये आहे, टीरेक्सच्या पोटात.

सध्या क्विक, टीसीपीला पर्याय म्हणून आलेला प्रोटोकॉल, छळतोय. ग्राहक घरातल्या वायफायवरून बाहेर पडून मोबाइल डेटावर गेला की त्याचा आयपी पत्ता बदलतो. टीसीपीत जोडणी तुटते आणि नवी होते, क्विकमध्ये ती तशीच चालू राहायला हवी. पत्त्यांवरचा हॅश मात्र त्याला भलत्याच सर्व्हरकडे पाठवतो. म्हणून क्विकच्या कनेक्शन आयडीतच सर्व्हरची खूण पेरायची आणि लोड बॅलन्सरनं ती वाचायची, असं ठरलंय. लांब हेडरमध्ये या आयडीची लांबी लिहिलेली असते, आखूड हेडरमध्ये नसते, त्यामुळे आमच्या सर्व्हरांनी सगळीकडे एकाच लांबीचे आयडी द्यायचे हेही ठरलं. आखूड हेडरचा कोड व्हेरिफायरनं पास केला. लांब हेडरचा या आठवड्यातही नाकारलाय; लांबी पॅकेटमधून वाचून तेवढं पुढे सरकलेलं त्याला चालत नाही, आधी त्या लांबीला वरची मर्यादा घालून दाखव म्हणतो. मर्यादा घातलीये. कंपायलर ती काढून टाकतोय.